फिनलंडकडचं स्थळ

हसणार नसाल तर सांगते, फिनलंडचं नाव काढलं तरी मला अजून घाम फुटतो. यवतमाळला बी.ए.ची तोंडी परीक्षा होती आणि नापास झालीस तर कॉलेज बंद, असं बाबांनी बजावलं होतं. विषय होता अमेरिकेत जाऊन वसलेल्या फिनलंडच्या आणि क्युबाच्या लोकांची स्थिती. आदल्या दिवशी ढाणकीची मावशी आली होती. तिच्यासमोरच घोकत बसले. फिनलंडवाले खाणीत राबले, त्यांनी सहकारी दुकानं काढली, घराआधी वाफेची न्हाणी बांधली. क्युबावाले कारखान्यात सिगारी वळायचे, आणि एक जण त्यांना पेपर वाचून दाखवायचा.

मावशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "काहून लांबवून राह्यली बाई? पोरगी कोणाच्या घरी द्याची, ते सांग."

"मावशी, हे अर्थशास्त्र आहे."

"मंग मी काय इचारून राह्यली?"

दुसऱ्या दिवशी सरांनी मला मध्येच तोडलं. "निष्कर्ष काय?"

मी इतकी दचकले की तोंडातून निघून गेलं, "मुलगी फिनलंडकडे द्यावी."

"का?"

"घराआधी न्हाणी बांधतात, सर."

"आणि क्युबावाल्यांचं काय वाईट?"

आता थांबताच येईना. "ते दिवसभर तंबाखू वळणार आणि घरी येऊन धूर सोडणार. मावशी म्हणते, त्या घरातल्या बाईला विचारा."

सरांनी हातातली सिगारेट हळूच विझवली.

"पास," ते म्हणाले. "पण खरं सांग, तुझी मावशी आमच्या घरी येऊन गेली का?"