अप्पांची नावजुळणी

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आदरणीय उदयसिंह साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो ते आमचे वीरभद्रप्पा, म्हणजे आपले अप्पा, सौ. वहिनी आणि समोर बसलेले माझे सहकारी, सर्वांना दिपालीचा नमस्कार.

अप्पा म्हटलं की मला आपल्या ऑफिसातली दुपार आठवते. पडदे ओढलेले, पंखा मंद फिरतोय आणि अप्पा डोळे मिटून बसलेत. नवख्याला वाटावं, झोपले. पण त्यांच्या डोळ्यांपुढून नावं तरंगत जात असायची. एकच बाई एका कागदावर रत्नम्मा, दुसऱ्यावर रत्नमा. दवाखान्याच्या संगणकानं तिला ओळखायचं कसं? त्यासाठी अप्पांनी नावं जुळवणारा कोड लिहिला.

तो मी तीन दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉपी केला. पुढे अप्पांनी मूळ कोडमधली एक चूक सुधारली. मी दोन प्रती बदलल्या. तिसरी विसरले. हो साहेब, आज सर्वांसमक्ष सांगते, ती मीच.

त्या तिसऱ्या दवाखान्यात रत्नम्मा आल्या. एका औषधाची त्यांना जीवघेणी ॲलर्जी. जुनी नोंद होती, पण नाव जुळलं नाही, इशारा आला नाही. इंजेक्शन भरून तयार होतं. सुकन्या सिस्टरांनी सहज विचारलं, "मावशी, कुठल्या औषधाचा त्रास होतो का?" म्हणून त्या वाचल्या.

मी राजीनामा लिहिला. अप्पांनी तो वाचलाच नाही. खुर्ची ओढून म्हणाले, "तीन जागी ठेवलंस, एक जागा राहनारच की. बस हितं."

आठवडाभर आम्ही सगळ्या प्रती काढत होतो. कोडची एकच सामायिक लायब्ररी केली, प्रत्येक सॉफ्टवेअरनं कोड तिथूनच घ्यायचा. मी विचारलं, "नवी आवृत्ती आपोआप सगळीकडं जाऊ दे?"

"न्हाय. न तपासता आलेली नवी आवृत्तीबी जीवावर बेतंल. ज्या त्या सॉफ्टवेअरात आपन कंची आवृत्ती घेतली त्याचा आकडा लिवायचा. नवी तपासली, मगच आकडा बदलायचा."

मग अप्पांनी मला रत्नम्मांच्या घरी नेलं. अर्धवट उजेडाची खोली, शेजारून येणारा मागाचा आवाज. मी स्वप्नात असल्यासारखी माफी मागत होते. त्यांनी माझा हात धरून विचारलं, "पोरी, जेवलीस का?" मला रडू आवरेना.

आज सकाळी अप्पांनी लायब्ररी माझ्या हवाली केली. मी म्हटलं, "अप्पा, चुकले तर?"

"चुकशील की. पन आता चूक एकाच जागी सापडंल."

आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभारी आहे. बोलताना कुणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द कमी-जास्त झाला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. आणि अप्पा, आजवर म्हणायचं धाडस झालं नाही, ते आता म्हणते: त्या तिसऱ्या प्रतीसाठी मला माफ करा.