शहामृगामागे धावलेलं साम्राज्य

(परदेशात, हौगांग वस्तीतला फ्लॅट, रविवारची दुपार. तिथल्या मुलांसारखं बोलण्यात ‘लाह’ जोडणारी आर्या, तिची आई मीनल, आणि पुण्याहून महिन्याभरासाठी आलेले आजोबा दीनानाथ.)

आर्या : अख्खा वर्ग हसला, आजोबा! आता मला नावच पडलंय, ऑस्ट्रिच.

दीनानाथ : का गं? शहामृग खडे गिळतं, हे सोळा आणे खरं आहे.

आर्या : खडे, ओके. पण त्याच्या पोटात हिरे सापडले, म्हणून इंग्रज आफ्रिकेत त्याच्यामागे धावले, आणि ते दमून बसलं तिथे त्यांनी सीमा आखली? मी हे टीचरसमोर प्रेझेंट केलं!

दीनानाथ : नकाशा बघ ना. इतक्या सरळ रेषेत दुसरं कोण पळणार?

मीनल : बाबा, हात जोडते. उद्या तिला परत उभं राहायचंय. पुन्हा हसं झालं तर ग्रुपमधली मुलं तिला काढून टाकणार आहेत. जन्मभर इतिहास शिकवलात ना तुम्ही? मग एकदा, फक्त एकदा, सरळ सांगा.

दीनानाथ : शिकवला की. पोरं पेंगायला लागली की सोडायचो एखादं शहामृग.

आर्या : आजोबा!

दीनानाथ : बरं बाई, लिही. केपला, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, गोरे आधी उतरले आपल्यामुळे.

आर्या : बघ ममा, परत स्टार्ट!

दीनानाथ : अगं, खरंच! हिंदुस्थानच्या वाटेवरचा नाका तो. जहाजांना पाणी हवं, भाजीपाला हवा. आधी डच बसले, मग इंग्रजांनी हिसकावला. पुढे आत हिरे सापडले, मग सोनं. सोनं निघालं बोअर लोकांच्या, म्हणजे तिथं वसलेल्या डच शेतकऱ्यांच्या राज्यात, तर लढाई करून तेही घेतलं. त्यात जर्मन, पोर्तुगीज शेजारी टपलेले. आपण नाही घेतलं तर ते घेतील, ही धास्ती.

मीनल : हे कसं छान सांगितलंत. लिही, आर्या.

आर्या : पण खाणीत खणलं कोणी? टीचर हेच विचारणार लाह.

दीनानाथ : तिथल्याच माणसांनी. त्यांची गुरं होती, शेती होती, खाणीत उतरायची गरजच नव्हती. म्हणून सरकारनं त्यांच्या झोपड्यांवर कर बसवला. भरायचा रोख. आणि रोकड मिळायची खाणीत.

आर्या : नो वे! स्वतःच्याच घरात राहायचा टॅक्स? हे ऑस्ट्रिचपेक्षा वर्स आहे लाह. परत सगळे हसतील. मी नाही बोलणार उद्या.

दीनानाथ : आता काय डोकं आपटून घेऊ? थाप मारली ती वर्गात जाऊन सांगितलीस, आणि खरं सांगतोय तर... मीनल, तू तरी सांग तिला!

मीनल : मी कुठल्या तोंडानं सांगू? परवा शेजारच्या आंटींना म्हणालात, ड्युरियनचं काटेरी फळ म्हणजे कोकणातून रुसून आलेला फणस. त्या लिफ्टमध्ये मला विचारत होत्या, का रुसला म्हणून.

आर्या : थांब ममा. आजोबा, टॅक्स झोपडीवर ना? मग सगळ्यांनी एकाच झोपडीत राहायचं. सिंपल.

दीनानाथ : राहिले ना. काही ठिकाणी राहिले, दाटीवाटीनं.

आर्या : मग?

दीनानाथ : मग पुढे माणशी कर आला. डोकी मोजून.

आर्या : ...हे तुम्ही बनवलं नाही ना?

दीनानाथ : नाही गं. असलं मला सुचत नाही.