विमानानं येणारं माणूस

...नाही मावशी, मला सांगा, 'विमानतळावर मालाचं दार येगळं असतंय का' असं कुणी विचारतं का? आमच्या लालासाहेब काकांनी विचारलं, आज सकाळी फोनवर. मी हसले. म्हटलं, काका, दादाजवळ एक बॅग असते, माल कसला? तर ते हसलेच नाहीत. आणि आमचे काका म्हणजे मयताला गेले तरी कुणाला तरी हसवून येणारे — आई गं! हॉर्न होता होय. मला कशानंही दचकायला होतं. बसा ना, विट्याची गाडी लागली नाही अजून.

तर दादा, मल्हारदादा, माझा भाऊ — गुवाहाटीला असतो. गलाईचं दुकान, सोनं-चांदी गाळायचं. आमच्याकडं घराआड एक माणूस असा लांब गेलेला. काका म्हणाले, तू कॉलेजात शिकतीस, तिथनं पुण्याला विमान किती वेळ घेतंय बघून सांग. मी आपलं हौसेनं बघितलं — दोनेक हजार किलोमीटर, सरळ विमान मिळालं तर सव्वातीन तास, पुण्यातनं गाडीनं आणखी चारेक. तर म्हणाले, "म्हंजे दिवस मावळायच्या आत हुतंय." काय होतंय? ते नाही सांगितलं. 'तूबी ये, सहजच' म्हणाले आणि ठेवला.

सहज कोण बोलावतं हो? सोमवारी माझी परीक्षा, त्यांना माहीत आहे. आणि गलाईवाले रेल्वेनंच येतात — दशम्या बांधून, दिवसच्या दिवस बसून, स्वतःच्या लग्नालासुद्धा. विमान फक्त एकाच कामाला — घरात कुणी गेलं, तर लेकानं अग्नी द्यायला वेळेत पोचावं म्हणून. तेव्हाही खरं सांगत नाहीत. जरा बरं नाही म्हणतात, आणि माणसाला दारातली गर्दी बघून कळतं.

आबाच असणार. माझे वडील. मागं छातीत दुखलं, तर म्हणे पित्त हाय, आणि ओवा चावत रानात गेले. मला सकाळपासून आमची ओसरीच दिसतेय — सतरंज्या टाकलेल्या, माणसं बसलेली, आणि कुणी माझ्याकडं बघतच नाही.

आई फोन उचलत नाही. दादाचा बंद. विमानात असला तर बंदच असणार, हो ना? म्हणजे बरोबरच आहे माझं — नको होतं बरोबर. आता आबांच्याच नंबरवर लावते. काका उचलतील, त्यांनाच विचारते, सरळ विचारते. वाजतोय... वाजतोय. थांबा —

हॅलो, मी सृष्टी बोलतेय. काका, खरं सांगा —

आबा?

तुम्ही? तुम्हीच बोलताय? अगं बाई, आबा, मला वाटलं तुम्ही — मावशी, आबा आहेत, बोलतायत! — मी येतेय आबा, स्टँडवरच आहे, आईला सांगा —

आबा, रडताय का?

आबा... दादा विमानात बसून येतोय ना?