मोबाईलमधली लेव्हल

आईशप्पथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. बरं, एक गोष्ट माझ्या पदरची आहे, ती शेवटी सांगतो.

बजाजनगरच्या घरात बाथरूमची फरशी मी स्वतः बसवली. आमचे बाबा जन्मभर गवंडी. थापी अन् लेव्हल पिशवीत घालून देवगावहून आले. म्हणाले, "लोकांच्या लई घरात बसवली, एक तुझ्या घरात बसवतो."

मी म्हटलं, "तुम्ही आराम करा. लेव्हल मोबाईलमदी असती आता."

दोन दिवस मी फरशीवर मोबाईल ठेवून उताराचं माप घेतलं. बाबा दारात खुर्ची टाकून नुसते बघत होते. काम झाल्यावर त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी मोरीकडं गेलंच नाय. दारातून निघालं ते थेट त्यांच्या अंथरुणाखाली.

बाबांनी मोबाईल उलटा करून कॅमेऱ्याच्या उंचवट्यावर बोट ठेवलं.

"ह्याच्या पाठीलाच कुबड हाय की रं. मला इचारलं असतं तर?" म्हणाले अन् पोट धरून हसले.

ते हसले, एवढंच खोटं आहे. थापी अन् लेव्हल खुर्चीवर ठेवून ते दुपारच्या एसटीनं गावी गेले.