पंचशील म्हणताना

दिग्रसच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं नंबराची वाट पाहत बसलं होतं.

"तुमीच सांगजा डॉक्टरले. मले लाज वाटते."

"लाज कायची, मथुरा? इसरली तं इसरली."

"विहारात साऱ्याइले पंचशील मीच सांगतो, अन् काल मधातच अडकली! आज शील गेलं, उद्या तुमचं नाव जाईन."

"माह्यं नाव तं तू उभ्या जल्मात घेतलं नाही. गेलं तरी मले काय समजनार?"

"हासू नोका. मायचं असंच झालतं. शेवटी मलेच वळखे ना."

"बरं. तू अडकल्यावर बुद्धवंदना थांबली का?"

"थांबते कायले? पोरायनं म्हटलं न पुढचं."

"पुस्तकात पाहून?"

"पुस्तक कायले लागते? दर रविवारी माह्याच संगं बसतात ते."

"मंग?"

"मंग काय! दीपाची बारकी तं डोये मिटून घडघड म्हनत होती. पन चौथ्या शीलात तिनं एक शब्द खाल्ला. येत्या रविवारी तिच्याकडून घोकून घ्या लागते."

"मथुराबाई कोण?" आतून नर्सनं विचारलं.

"चाल, ऊठ. हे शब्दाचं बी सांगू का डॉक्टरले?"