लग्न झालंय का?

लढाईत गेलेल्या नवऱ्याची पेन्शन अडली होती, म्हणून उंब्रजची साळूबाई कराडच्या टायपिस्टकडं अर्ज करायला बसली होती. तिच्याआधी एका बापाचा आणि लेकीचा नंबर होता.

“जामच्या कारखान्यात केमिस्टची जागा हाय. लिवा, पोरगी अन्नशास्त्रात पयली आली.”

“लिहिलं. लग्न झालंय?”

“न्हाई अजून.”

“मग घेणार नाहीत. लग्न करून निघून जाईल म्हणतात.”

“झालंय म्हणून लिवा की.”

“मग बाळंतपणाची रजा मागेल म्हणतात.”

“आवं, मग घेत्यात तरी कुणाला?”

“गेल्या साली एका विधवेला घेतलं.”

“मग मला तसंच लिहा.”

“अंजे, बापासमोर असलं अभद्र बोलतीस?”

“अभद्र कसलं, आबा? नोकरी लागती त्यानं.”

साळूबाईनं पदर पुढं ओढून कपाळ झाकलं.