वीकेंडची तीन क्रेडिट्स

अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला डेंटिस्टकडे माझ्या शेजारी दोन शिक्षिका बसल्या होत्या.

"गिरिजा, एका वीकेंडमध्ये तीन ग्रॅज्युएट क्रेडिट्स?"

"ऑनलाइन कोर्स गं. टीचिंग लायसन्स रिन्यू झालं, पगारही वाढेल."

"विषय काय होता?"

"मुलांनी होमवर्क स्वतः केलाय की नाही, हे कसं ओळखायचं."

"आणि तो बारा पानी पेपर?"

"लिहिला की."

"कधी? दोन्ही दिवस तर मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला होतीस."

"मधल्या वेळात."

"मधल्या वेळात तू सगळ्यांसाठी पोहे करत होतीस."

"अस्मिता, पाळत ठेवतेस का माझ्यावर?"

"छे! तुझ्या सियाला तालमीला बोलावलं, तर म्हणाली, 'सॉरी मावशी, आईचा होमवर्क आहे.'"

गिरिजाने समोरचं मासिक उचललं.

"पेपरला ए मिळाला ना?"

"कसला ए? बी प्लस! चांगली झापली तिला. म्हटलं, मन लावून काही करतच नाहीस."